वेल्डरची पकड

"काका, सोडा तिला. हाड मोडेल," नर्स ओरडली.

"मोडू दे. डोकं आपटून मरण्यापेक्षा बरं."

दवाखान्याच्या खाटेवर वेल्डर लेकीच्या अंगावर गुडघा रोवून बसला होता. तासभर पोरीचे फिटचे झटके थांबत नव्हते. दातांखाली जीभ चिरून उशीवर रक्त सांडत होतं. दोन सुया झाल्या, शिरेतून आणखी दोन औषधं गेली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बापाला एकच विद्या ठाऊक होती. हलणारा तुकडा करकचून आवळला की सांधा नीट बसतो, हे त्याने तीस वर्षं वर्कशॉपात केलं होतं. लेकीचे झटकेही तो अकरा वर्षं तसेच आवळत आला होता. आवळू नका म्हणून सांगणारे ढीगभर भेटले, पण ऐकेल तर शपथ.

तिच्या खांद्यापाशी कट्कन आवाज आला.

नर्स त्याला मागे ओढायला गेली, तर त्याने तिला असं ढकललं की ती ट्रेसकट भिंतीवर आदळली. मग दोन रखवालदारांनी त्याला फरशीवर पालथा पाडून पाठीवर गुडघा दाबला. त्याचा श्वास कोंडला.

"तुम्ही तिला असंच धरलं होतं," नर्स ओठाचं रक्त पुसत म्हणाली.

मोठ्या डॉक्टरीणबाई त्याच्याजवळ खाली बसल्या. "नेहमीची औषधं हरली. आता केटामाइन देऊ. भुलीचं जुनंच औषध, पण अशा झटक्यांवर अलीकडे वापरू लागलेत. लागू पडेलच असं नाही. श्वासाला मशीन लावावं लागेल. सही करा."

"वाचेल ना?"

"सांगता येत नाही. पण थांबलो तर मेंदू हातचा जाईल."

त्याने सही केली. थोड्या वेळात पोरगी निपचित झाली, तसा तो रडायलाच लागला. "सुटली माझी बाय."

बाईंनी मशीनच्या पडद्याकडे बोट दाखवलं. डोक्याला चिकटवलेल्या तारांमधून येणाऱ्या रेषा अजून थैमान घालत होत्या. अंग झोपलं होतं, झटका आत चालूच होता. तिथे धरायला काहीच नव्हतं. रेषा मंदावेपर्यंत दोन तास तो दारात मूठ चावत उभा राहिला.

चौथ्या दिवशी श्वासाची नळी निघाली. पोरीचा हात झोळीत होता आणि दोन्ही दंडांवर बोटांचे काळेनिळे वळ होते.

"बाबा, मला कुणी मारलं?"

"झटक्यात लागलं गं," सुजल्या ओठाची नर्स घाईने म्हणाली.

"मी," वेल्डर म्हणाला.

पोरगी त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्याने ते पाठीमागे नेले.

"सिस्टर," तो म्हणाला, "तिला घोटभर पाणी तुम्हीच पाजता का?"