नाव मोठ्यानं सांगा

बाप्तिस्म्याच्या झग्याचं शेवटचं बटण मॉरा लावत होती आणि मांडीवरची पोरगी पाय झाडून ते पुन्हा पुन्हा निसटवत होती. झगा सासरचा. नवऱ्याच्या पणजीनं तो पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून बोटीनं अमेरिकेत आणलेला, आणि तेव्हापासून फॉल रिव्हरमधल्या अरूडा घराण्यातलं प्रत्येक पोर त्यातूनच चर्चला गेलं होतं. बटणं मसुरीच्या दाण्याएवढी, लावणाऱ्याचा अंत पाहणारी.

दारातून नणंद डोकावली.

"झालं की नाही ओफीबाईंचं? फादर काही दिवसभर थांबणार नाहीत हो तुमच्यासाठी."

"आलोच, नताली," मॉरा म्हणाली.

पोरीचं नाव ओफी नव्हतं. ईफा होतं. आयरिश नाव, स्पेलिंग Aoife; कागदावर एक दिसतं आणि तोंडात दुसरंच येतं. त्यामुळे अनोळखी माणूस अडखळला तर मॉराला राग येत नसे. पण ही माणसं थोडीच अनोळखी होती? पोरगी झाली त्याच आठवड्यात तिनं सगळ्यांना नीट सांगितलं होतं, 'ई'वर जोर देऊन. सासूनं मान डोलावली होती, नणंदेनं दोनदा म्हणूनही दाखवलं होतं. आणि पुढच्या रविवारी सासरी जेवायला गेली, तर पाहते तो घरभर ओफी. ओफी हसली, ओफी शिंकली, ओफीला दात येतोय वाटतं. पोरगी आता पाच महिन्यांची झाली, पण एवढ्या दिवसांत एकानंही चुकूनसुद्धा बरोबर म्हणू नये, याचं तिला नवल वाटे. मग वाईट वाटे. मग आपणच राईचा पर्वत करतोय असं वाटून स्वतःचाच राग येई. बाळंतपणात ज्या घरानं डबे पोचवले, रात्री-अपरात्री पोर सांभाळलं, त्या घरातल्या माणसांना मास्तरणीसारखं उभं राहून उच्चार शिकवायचे? कुठली सून हे करून सुखानं नांदली आहे?

पण नाव आजीचं होतं. मॉराला आजीनंच वाढवलं. हॉस्पिटलच्या धुलाईघरात जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी धुतलेली ही बाई; तिथल्या मुकादमिणीला ईफा म्हणणं जमेना, म्हणून एफी झाली. आजीनं कधी तक्रार केली नाही. "हाक कुणाला का मारेनात, पगार तर मलाच मिळतो ना," म्हणायची. ती गेल्यावर मामानं थडग्यावरच्या दगडावरही एफीच कोरून घेतलं, कारण लोक तिला त्याच नावानं ओळखत होते. त्या दगडापुढं उभी राहिल्यावर मॉराला वाटलं होतं, इथं दुसऱ्याच कुणा बाईला पुरलंय. पोटी मुलगी आली तर आजीचं नाव तिला द्यायचं आणि ते सांभाळायचं, हे तिनं तिथंच ठरवलं होतं.

गाडीत तिनं नवऱ्याला पुन्हा विचारलं.

"सांगशील ना?"

"सांगेन म्हटलं ना." नेल्सनची नजर रस्त्यावरच होती.

युक्ती तिचीच होती. बाप्तिस्म्याच्या सुरुवातीलाच फादर आईबापांना विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत? तेव्हा नेल्सननं, म्हणजे त्यांच्याच पोरानं, भर चर्चमध्ये मोठ्यानं ईफा म्हणायचं. कुणाची चूक काढायला नको, कुणाचं मन दुखवायला नको. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

"आईशी फोनवर बोलताना तूसुद्धा ओफीच म्हणतोस," ती म्हणाली. "ऐकलंय मी."

"त्यांच्या तोंडात बसलंय ते. त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडात येतं."

"आणि माझ्याशी बोलताना ईफा. सोयीचं आहे की."

"मॉरा, आजच्या दिवशी तरी नको ना."

तो काहीतरी लपवतोय असं तिला वाटलं. पण एवढ्याशा गोष्टीत लपवण्यासारखं असणार तरी काय? मागच्या सीटवर पोरगी आपलीच मूठ चोखत होती.

चर्चमध्ये पहिल्या बाकाशेजारी सासऱ्यांची चाकाची खुर्ची लावलेली होती. अर्मांदो अरूडा एके काळी याच चर्चच्या जत्रेत गोड पावांचा लिलाव पुकारत. दोन डॉलरचा पाव थट्टामस्करी करत शंभरावर नेऊन विकायचे, आणि घेणाराच त्यांचे आभार मानून जायचा. गेल्या वर्षी झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला एक 'नाही' आणि एक पोर्तुगीज शिवी. ती भलत्याच वेळी तोंडातून निघे आणि फादर तिकडे काणाडोळा करत. हल्ली त्यात ओफीची भर पडली होती. ते घरच्यांनीच त्यांना शिकवलं असणार, असं मॉरा धरून चालली होती.

"या बाळाचं नाव काय ठेवलंत?" फादरनी विचारलं. "मोठ्यानं सांगा, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."

नेल्सननं तोंड उघडलं. मग त्याची नजर चाकाच्या खुर्चीकडे गेली आणि तिथंच अडकली. फादर हसतमुखानं वाट पाहत राहिले. मागं कुणीतरी खाकरलं. मॉराला वाटलं, तो विसरला की काय. मग कळलं की विसरलेला नाही, मूग गिळून उभा आहे. तिला संताप आला.

"ईफा," ती म्हणाली. चांगलं मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं.

"ईफा," फादरनी तसंच्या तसं म्हटलं आणि पोरीच्या कपाळावर क्रूस काढला.

मॉराला मोकळं मोकळं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. सासऱ्यांच्या ओठांचा 'ओ' झाला होता आणि तसाच राहिला होता. त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. रस्ता चुकलेला माणूस विचारतो तसं. लुर्देसनं खाली वाकून त्यांच्या मांडीवरची शाल उगाचच सारखी केली. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा पोरगी भोकाड पसरून रडली, सगळे हसले, पण अर्मांदोंनी काही मान वर केली नाही.

सासरच्या घरी आल्यावर सगळे तिच्याशी फारच जपून बोलायला लागले. मॉरा सरळ स्वयंपाकघरात गेली. सासू सुपाच्या मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होती.

"मा, रागावलात ना माझ्यावर?"

"नाही गं."

"मग मी असं काय केलं? माझ्या मुलीचं नावच तर घेतलं."

लुर्देसनं गॅस बारीक केला.

"ईफा," ती म्हणाली.

मॉरा पाहतच राहिली. थेट आजीसारखा उच्चार होता, 'ई' लांबवून, 'फा' हलकेच सोडून दिलेला.

"नतालीलाही येतं," सासू म्हणाली. "सगळ्यांना येतं. तूच नव्हतं का शिकवलंस?"

"मग?"

"तू फोटोचं कार्ड पाठवलं होतंस, खाली नाव छापलेलं. तोवर तुझ्या सासऱ्यांच्या तोंडी 'नाही' आणि ती शिवी, बस्स. मी कार्ड त्यांच्या डाव्या हातात दिलं. कितीतरी वेळ बघत बसले. आणि वाचलं. ओ, फी. आपले आपण, कुणी सांगितलं नाही, काही नाही. माझ्या हातातली कपबशी पडली बघ." पदरासारखं एप्रनचं टोक तिनं डोळ्यांना लावलं. "आता अशा माणसाला काय सांगायचं, चुकलात म्हणून? मग मीच घरात दम भरला. ओफी म्हणजे ओफी. एकटा माणूस चुकला तर दिसतं. सगळ्यांनीच चुकायचं ठरवलं तर कुणाला दिसतंय?"

"नेल्सनला माहीत होतं?"

"शपथ घातली होती मी त्याला. त्याला बोल लावू नकोस."

"मला का नाही सांगितलंत, मा?"

"कुठल्या तोंडानं सांगू? आजीचं नाव दिलंस तू. ते आमच्या म्हाताऱ्यासाठी मोडून घे म्हणू? आणि तुला ओठात एक पोटात एक जमत नाही. त्यांच्यासमोर ओफी म्हणताना तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं. वाचा गेलीय त्यांची, डोळे नाही गेलेले."

रागवावं तर कुणावर, आणि माफी मागावी तर कुणाची, मॉराला काही समजेना. आजीच्या बाजूनं एकदाचं कुणीतरी बोललं होतं, आणि ते बोलणं नेमकं या माणसाच्या वर्मी बसलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

"माझं चुकलं का?" तिनं विचारलं.

"मलाही नाही कळत गं," लुर्देस म्हणाली. "बशा घे त्या."

टेबलाच्या टोकाशी अर्मांदो बसले होते. पुढ्यातलं सूप तसंच होतं. एरवी पोरगी खोलीत आली की ते खोलीच्या त्या टोकावरून पुकारा करत; आज नेल्सन तिला घेऊन दोनदा त्यांच्या समोरून गेला तरी त्यांची नजर पावाच्या तुकड्यावरून हलली नाही.

"पा, बघा तरी, तुमची लाडकी रुसेल हं," नताली म्हणाली. नाव तिनं कुठलंच घेतलं नाही. आता त्या घरात कुणीच ते घेत नव्हतं.

मॉरानं हातातल्या बशा ठेवल्या. नेल्सनकडून पोरीला घेतलं, सासऱ्यांच्या खुर्चीशी वाकली आणि तिला त्यांच्या चांगल्या हाताच्या कुशीत दिलं.

"पा," ती म्हणाली, "कोण आलंय बघा. ओफी आलीय."

तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. नेल्सननं चमचा खाली ठेवला.

अर्मांदोंनी तिच्याकडे पाहिलं. मग पोरीकडे. मग पुन्हा तिच्याकडे, आणि मान हलवली.

"नाही," ते म्हणाले.

त्यांना पोरगी नको आहे असं वाटून मॉरानं हात पुढं केले. त्यांनी पोरीला आणखी घट्ट धरलं.

"नाही," ते पुन्हा म्हणाले, आणि हात मोकळा नसल्यामुळे हनुवटीनंच मॉराला दटावलं. "ई..."

पुढं काही येईना. तोंड वाकडं झालं, कपाळावर घाम आला. तेवढ्यात ती शिवीच बाहेर पडली. कुणी हसलं नाही. लुर्देस अर्धवट उठली होती, ती तशीच थांबली.

"ई..."

पुढचं अक्षर मॉराच्या ओठांवर येऊन बसलं होतं. ते सांगावं की नको, तिला ठरवता येईना. सांगितलं तर ते नाव त्यांचं स्वतःचं राहणार नव्हतं, आणि नाही सांगितलं तर कदाचित येणारच नव्हतं. पोरगी त्यांच्या शर्टाचं बटण ओढत होती आणि ते तिच्या तोंडाकडे बघत पुन्हा जुळवाजुळव करत होते. मॉरानं ओठ मिटून घेतले आणि खुर्चीशेजारी फरशीवर मांडी घालून बसली.