बाईंच्या हाताखाली

बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने महिनाभर घरी बसून बायकोने लावलेली भांडी पुन्हा लावली. शेवटी ती वैतागली. "अहो, एवढे हात शिवशिवतायत तर माझ्याबरोबर मैदानावर चला. उन्हाळ्यासाठी एक माणूस हवाच आहे."

मैदान म्हणजे गोल्फचं मैदान. तिथल्या माळ्यांची ती मुकादम होती. इतकी वर्षं तो मात्र लोकांना 'ही गवताला पाणी घालते' एवढंच सांगत आला होता.

पहिल्याच सकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अगं, हे मशीन चालू कसं करायचं?"

"इथे 'अगं' चालणार नाही."

"मग काय म्हणू?"

"बाकीचे म्हणतात तेच. बाई."

माळी तोंड फिरवून हसले. त्याचं नाव ड्रायव्हरसाहेब पडलं.

चेंडू ज्या खड्ड्यात घालायचा त्याच्याभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवताला तिथे ग्रीन म्हणत. बाईंनी सुरीने त्या गवताचा एक तुकडा कापून उलटा केला. मुळं बोटभरसुद्धा नव्हती. "ऊन तापायच्या आत ही खाली गेली पाहिजेत. म्हणून आत्ता पाणी कमी आणि तेही पहाटे. रोज वरवर मिळत राहिलं तर वरच लोळतील, आपल्या धाकट्यासारखी."

त्याला ते पटलं. पण टाकीजवळच्या ग्रीनने दुपारी मान टाकलेली दिसली की तो पुन्हा पुन्हा तिथे जाऊन उभा राहायचा. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने हळूच नळी सोडली. दुसऱ्या दिवशीही सोडली. मग सवयच लागली.

आठवड्याभरात त्या ग्रीनवर बशीएवढे करडे डाग उमटले. बुरशी. बाई गुडघ्यावर बसल्या, बोटाने माती दाबून पाहिली. उठल्या तेव्हा सगळे जमले होते.

"संध्याकाळी पाणी कोणी घातलं?"

"मी," तो म्हणाला. "बघवत नव्हतं."

"ड्रायव्हरसाहेब, कुणाला दया आली म्हणून त्याने तुमचं स्टिअरिंग धरलं असतं तर?"

"खाली उतरवला असता."

"मग उतरा. मी सांगेपर्यंत नळीला हात लावायचा नाही."

दिवसभर त्याने नळीकडे पाठ करून पालापाचोळा झाडला. रात्री घरी मान खाली घालून जेवायला बसला. तिने आमटी वाढत विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"

"बाईंना विचारा."

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. मग तोच म्हणाला, "दुसरं कुणी असतं तरी एवढंच बोलली असतीस?"

"त्याला जरा कमी. तुम्हाला सोडलं असतं तर उद्या माझं ऐकलं असतं कुणी?"

तो जेवायचा थांबला. आपल्या माणसाला पाठीशी घालणारे साहेब त्याने डेपोत चिक्कार पाहिले होते. असा एकही पाहिला नव्हता. त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि छाती उगाच भरून आली. तो नुसता म्हणाला, "आमटी वाढ अजून."

मग त्याने ते ग्रीन स्वतःच मागून घेतलं. लोखंडी दातांच्या काट्याने भोकं पाडली, त्यांत वाळू भरली, डाग खरवडून काढले आणि राखीव वाफ्यातल्या गवताचे चौकोन तिथे बसवले. बाई येऊन पायाने दाबून बघत. "हा उंच राहिलाय," म्हणत, की तो पुन्हा उचलायचा. कुरकुर न करता.

उन्हाळा आला तो आगच ओकत. आजूबाजूचे माळ पिवळे पडले, पण बाईंची ग्रीन्स तग धरून राहिली. त्याचंही सावरलं. कडेला एक फिकट ठिगळ तेवढं राहिलं.

डेपोतला जुना कंडक्टर भेटायला आला, तेव्हा तो त्याला मैदान दाखवत हिंडला. कंडक्टर चाटच पडला. "एवढ्या उन्हात हे हिरवं ठेवलं कुणी?"

"माझ्या बायकोने. इथली मुकादम आहे ती." आणि मग मान ताठ करून तो म्हणाला, "मला झापलंय तिने. सगळ्यांदेखत!"

कौतुकाने कंडक्टर ग्रीनवर एक पाऊल पुढे सरकला.

"अरे, चपला! चपला काढ आधी," ड्रायव्हरसाहेब ओरडले. "बाई बघतायत."