हाताला न कळलेला चटका

लॉन्ड्रीत तीस वर्षं इस्त्री फिरवत आलेल्या माणसाला चटक्याचं काय कौतुक? आजोबांचे हात निबर झालेत, असं घरात सगळे म्हणत आणि तेही हसून सोडून देत. हल्ली चप्पल पायातून निसटली तरी त्यांना पत्ता लागत नसे. ते मात्र त्यांनी कुणाच्या कानावर घातलं नव्हतं.

त्या सकाळी लेक कामावर गेली आणि सहा महिन्यांच्या नातीची आंघोळ त्यांच्याकडे आली. बादलीत हात घालून त्यांनी पाणी पाहिलं. कोमट वाटलं. तिचा पाय पाण्याला लागला मात्र, तिने तो झटक्यात आखडून घेतला. रडणं त्यानंतर आलं. तळवा लालबुंद झाला होता. आजोबांचा उजवा हात अजून त्याच पाण्यात होता, निवांत.

डॉक्टरीणबाईंनी नातीच्या पायाला मलम लावलं. थोडक्यात निभावलं होतं. धावत आलेली लेक म्हणाली, "आता बाबांचा हात बघा."

बाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले. "टोचतंय का, आजोबा?"

"टोचा की, मग सांगतो."

"तीनदा टोचून झालं."

टाचणी मनगटावरून वर सरकत कोपरापाशी आली, तेव्हा कुठे ते कळवळले.

"चटका बसला की निरोप नसांमधून पाठीच्या कण्यात जातो," बाई म्हणाल्या. "हात मागे घ्यायचा हुकूम तिथूनच सुटतो, मेंदूला मागाहून कळतं. बाळाचं तेच झालं. तुमचा निरोप बोटांतून निघतच नाही. रक्तातल्या वाढलेल्या साखरेने नसा खाल्ल्यात."

"परत येईल?"

"उरलंय ते सांभाळू. गेलेल्याचं वचन मी देत नाही."

लॉन्ड्रीच्या मालकाने त्यांना इस्त्रीवरून काढून घड्या घालायला बसवलं. घरी लेक दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना बाळाला शेजाऱ्यांकडे ठेवू लागली.

चार दिवस त्यांनी कळ काढली. मग म्हणाले, "माझ्या कोपराला कळतं गं."

"बाबा, तुमच्यावर राग नाही माझा."

"मग?"

"भीती वाटते."



सुट्टीच्या दिवशी तिनेच त्यांना हाक मारली. त्यांनी बादलीत कोपर बुडवलं. "कढत आहे." तिने गार पाणी ओतलं. त्यांनी पुन्हा कोपर बुडवून मान हलवली. तरीही तिने स्वतःचा हात घालून पाहिला, आणि मगच बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं.

ते त्यांना लागलं. पण त्यांनी तांब्या उचलला आणि ते पाणी घालू लागले.