चार वाजताची पूर्व

शिक्क्याचं रबर टोकाशी झिजलेलं आहे, त्यामुळे कागदावर उमटतो तो बाण नव्हेच, एक जाड रेघ आणि वर मोडक्या चोचीसारखं काहीतरी — तरी पाहिल्याबरोबर कळतं, उत्तर. वर उत्तर, उजव्या हाताला पूर्व. नकाशा पुरा झाला की सगळ्यात शेवटी कोपऱ्यात हा शिक्का मारायचा, देवाला हात जोडावेत तसा… आता कोण मारतं? कॉम्प्युटरच मारतो. शिक्का वजन म्हणून टेबलावर पडून असतो, आणि आज सकाळी तो एका उघड्या पानावर ठेवलेला आहे, कारण पान सारखं मिटतंय आणि तिला ते मिटू द्यायचं नाही.

पान तिच्याच पुस्तकाचं. नकाशा तिच्याच पहिल्या इमारतीचा — एक बैठं, लांबट वाचनालय, एका बाजूला खिडक्यांची ओळ. त्या खिडक्या पूर्वेला आहेत. पानावर त्या पश्चिमेला आहेत.

(तळटीप: छापखान्यात फिल्म उलटी लागली. पारदर्शक कागदाला पाठपोट नसतं. खोल्यांची नावं आणि दिशेचा बाण नंतर चिकटवले, म्हणून अक्षरं सुलट, बाण सुलट, आणि मधली इमारत तेवढी आरशातली.)

अशा तळटिपा ती हल्ली मनात लिहिते. राग आला की आपोआप बारीक टाइपात विचार सुरू होतो. प्रकाशकाला तेव्हाच सांगितलं होतं. "पुढच्या आवृत्तीत करू ना," तो म्हणाला होता, आणि पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदललं, किंमत बदलली, प्रस्तावना लांबली, वाचनालय होतं तसंच डावखुरं राहिलं. कॉलेजातली मुलं तेच गिरवतात. त्यावर प्रश्न येतात. एका परिषदेत कुणीतरी त्या पश्चिमेच्या खिडक्यांवर अर्धा तास बोललं, धाडस म्हणे, आणि ती पहिल्या रांगेत बसून — मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हसू आलं होतं तेव्हा. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

काल संध्याकाळी आर्किटेक्चर कॉलेजच्या विभागप्रमुखाचा फोन आला. एकेकाळचा तिचाच विद्यार्थी; जिथे जाईल तिथे समिती नेमतो म्हणून मुलं त्याला 'समिती' म्हणतात. वाचनालयाच्या विश्वस्तांनी कॉलेजचा सल्ला मागितला होता. दुपारचं ऊन फार येतं, वाचक कुरकुरतात. 'समिती'ने सल्ला दिला : खिडक्या विटांनी बंद करा.

"पश्चिमेचं ऊन आहे मॅडम, दुसरा इलाज नाही. तुमच्याच पुस्तकातला नकाशा जोडलाय. तुमचा होकार असला की बरं दिसतं. उद्या संध्याकाळपर्यंत सांगितलंत तरी चालेल."

बरं दिसतं. पूर्वेच्या खिडक्या पश्चिमेच्या उन्हापायी बंद करणार, आणि दाखला माझाच.

"तुझ्या खिडक्या आणि माझे दात," नवरा सकाळचा चहा ओतताना म्हणाला — तो दातांचा डॉक्टर आहे — "दुखेपर्यंत कुणी बघायला येत नाही."

"कुणी बघायला गेलेलंच नाही, हाच तर मुद्दा आहे. पुस्तक उघडलं, नकाशा पाहिला, विटा मागवल्या."

"तू जाऊन ये मग."

"मी? मला माहीत आहे ती."

"बरं," तो म्हणाला. पेशंटचं तोंड उघडं असताना म्हणतो तसं 'बरं'. तिने शिक्का उचलून पर्समध्ये टाकला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

*

ऑफिस आता दिराचं आहे. म्हणजे पाटीवर दोघांची नावं आहेत, तिचं आधी. पण कॉलेजातून शिकून तो तिच्या हाताखाली आला होता, पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून तिने त्याला शिकवलं, आणि ती शिकवण्यात आणि लिहिण्यात गुंतत गेली तसतसं टेबल, मग खोली, मग ऑफिस त्याच्याकडे सरकत गेलं — भांडण न होता, पाणी उताराकडे जातं तसं.

"वहिनी, चिडू नका. विटांचीच भिंत आहे, उद्या पाडता येते."

"पाडणं तुम्हाला सोपंच वाटतं, भावोजी."

"घ्या. म्हणजे अजून तेच." तो हसला. मान न वळवता त्याने अंगठा मागे केला. मागच्या भिंतीवर त्याच्या काचेच्या इमारतीचं मोठं चित्र आहे, बांधण्यापूर्वी कॉम्प्युटरवर काढलेलं : सात मजले निळी काच, काचेत ढग, फुटपाथवर कधीच घाम न येणारी माणसं. वाचनालयासमोरच्या प्लॉटवर तीच इमारत उभी आहे. तिच्या जागी एक बुटकी वखार होती, आणि वखारीवरून सकाळ सरळ वाचनालयात उतरायची. ती इमारत होणार म्हटल्यावर ऑफिसात दोन महिने बोलणं बंद होतं. काच म्हणजे आळशी माणसाची भिंत, असं ती म्हणाली होती. इमारत किती तापेल, किती वीज खाईल, किती उद्धट दिसेल, यावर तिने सलग एक प्रकरणच लिहून काढलं, आणि त्यानंतर त्या रस्त्यावर पाऊल टाकलं नाही. आठ वर्षं झाली. रिक्षावाल्यालासुद्धा पुढच्या चौकातून घ्यायला सांगते.

चित्रात समोरच्या बाजूला एक पांढरा, कोरा ठोकळा आहे. दारं नाहीत, खिडक्या नाहीत. ते तिचं वाचनालय. 'आजूबाजूची इमारत' म्हणून कुणीतरी दोन मिनिटांत ठेवून दिलेलं.

"तुम्ही समितीला फोन करा ना," ती म्हणाली. "तुमचं ऐकतो तो. सांगा, नकाशा उलटा आहे."

"सांगतो की. पण ऊन येतं म्हणतात त्याचं काय?"

"पूर्वेच्या खिडकीतून दुपारी ऊन कसं येईल?"

"ते मला काय विचारता? प्रकाशावर पुस्तक तुमचं. तुम्ही लिहा, आम्ही साइटवरची धूळ खातो."

हे तो प्रेमाने म्हणतो. तेच तर. उघड वैर असतं तर काहीतरी फेकता आलं असतं.

*

कॉलेजात आज चौथ्या वर्षाची परीक्षा — मुलांनी भिंतीवर ड्रॉइंगं लावायची, उभं राहून सांगायचं, आणि आम्ही खुर्च्यांवर बसून तोडायचं. आपल्या वेळेसही हेच होतं. तोडताना आवाज चढवायचा नाही हे तिला एका जुन्या सरांनी शिकवलं होतं. आवाज खाली नेला की जास्त लागतं.

तिसरी मुलगी उभी राहिली, उंच, खांदे पाडून, आणि तिच्या मागे भिंतीवर — वाचनालय. डावखुरं. खिडक्या पश्चिमेला, त्यांच्यावर लाल रेघोट्यांची नवी भिंत. शेजारी बसलेल्या समितीने घसा साफ केला. अहवालासाठी मोजणी हिनेच केली होती तर.

"हा नकाशा कुठून घेतला?"

"तुमच्या पुस्तकातून, मॅडम."

"सूर्य कुठे उगवतो?"

मुलं हसली. मुलगी नाही हसली. "पूर्वेला."

"आणि तुम्ही तो कुठे उगवलाय?" तिने बोट ड्रॉइंगकडे केलं. "दारातून आत जाताना खिडक्या कुठल्या हाताला येतात? पुस्तकात नाही. तिथे. पायांनी गेल्यावर."

मुलीने आपला एक हात हलवला, मग दुसरा, आणि तिला ते दिसलं — तिच्या तोंडावर दिसलं की तिला दिसलं. "उलटा… नकाशा उलटा आहे."

"इतका वेळ लागला. इमारत बघायची नाही, छापलेलं बघायचं. उद्या माणसाचं काळीज उजवीकडे छापलं तर डॉक्टर उजवीकडे कापतील का?" हे चांगलं जमलं, असं एका बाजूला वाटलंही. तिचा आवाज अगदी खाली होता.

"पण मी गेले होते, मॅडम."

"गेला होतात आणि हात कळला नाही?"

"चुकलं माझं. दिशा मी तपासली नाही, कारण ऊन त्या खिडक्यांतून येतच होतं. चारच्या सुमाराला. मी तिथे बसले होते. डोळ्यांवर येतं."

"पूर्वेच्या खिडक्यांतून. दुपारी चार वाजता."

"हो."

"बसा."

"फोटो आहेत माझ्याकडे, दाखवू का —"

"बसा म्हटलं ना."

मुलगी बसली. लगेच नाही; आधी भिंतीवरची टाचणी नीट दाबली, जणू ड्रॉइंगचं काही दुखलं असावं. समिती कानाशी वाकून म्हणाला, "मॅडम, नकाशा दुरुस्त करू. पण तक्रार खोटी नाहीये. संध्याकाळी बोलू."

(तळटीप: संध्याकाळी काहीही बोलायचं नाही. संध्याकाळी पुरावा द्यायचा.)

*

रिक्षा त्या रस्त्यावर वळली तेव्हा तिने काचेच्या इमारतीकडे बघितलं नाही. ठरवून नाही बघितलं. पाहुण्यांत नावडता नातेवाईक बसलेला असावा आणि आपण सगळ्यांना नमस्कार करत त्याच्यावरून नजर न्यावी, तसं. ती पायऱ्या चढली. दार, आणि डाव्या हाताला — डाव्याच — खिडक्या. हे बघा. बघा ना कुणीतरी. पायरीची उंची अजून तीच, घोट्याला ओळखीची. दाराच्या मुठीचं पितळ लोकांच्या हातांनी उजळलेलं. एवढं बरोबर असलेलं मी परत कधी काही केलं का… नंतर मोठं केलं, नावाजलेलं केलं. बरोबर नाही.

ती आत आली, आणि ऊन होतं.

थोडंथोडकं नव्हतं. टेबलांवरून, पुस्तकांच्या पाठींवरून, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. सगळे वाचक खुर्च्या फिरवून खिडक्यांकडे पाठ करून बसले होते, एकाच दिशेला, बसमधल्यासारखे. ज्या भिंतीकडे तोंड करून ते बसले होते तिच्यात बघण्यासारखं काही तिने ठेवलंच नव्हतं.

"कार्ड आहे का?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं. त्यांनी डोक्यावर टोपी घातली होती, छपराखाली.

"नाही. नुसती बघायला आले. हे ऊन…"

"चारला येतं, साडेपाचला जातं. चहावाल्यासारखं." बाई हसल्या. "या टेबलाशी बसू नका, मागे या. इथे बसलात तर भाजून निघाल."

"पूर्व आहे ना ही?"

"पूर्वच आहे हो. सकाळी पण येतं ना, आता जरा उशिरा, पण सकाळचं छान असतं. हे दुसरं. हे त्या समोरच्याचं."

तिला वळावं लागलं. खिडकीत, रस्त्यापलीकडे, सात मजले काच, आणि काचेत चित्रातले ढग नव्हतेच, सूर्य होता, पश्चिमेचा, वाचनालयाच्या छपरावरून पलीकडे गेलेला आणि तिथून सबंध, जराही कमी न होता, परत पाठवलेला. काच तापेल, वीज खाईल, उद्धट दिसेल — मी एक सबंध प्रकरण लिहिलं. समोर काय होईल, याचं त्यात एक वाक्य नव्हतं. समोर मीच होते. त्या चित्रात भावोजींनी ठोकळा ठेवला पांढरा, आणि त्या प्रकरणात मी… मी ठोकळाही ठेवला नाही.

"आता विटा घालणार आहेत म्हणे," बाई म्हणाल्या. "घालू देत बाई एकदाच्या. सकाळ जाईल तेवढी. पण सकाळी येतं कोण?"

पर्समध्ये फोन थरथरला. समिती असेल, किंवा भावोजी. शेजारीच शिक्का होता, रबर हाताला लागलं. हो म्हणायचं तर खिडक्या जातात. नाही म्हणायचं तर ही माणसं रोज पाठ करून बसणार. आणि कारण सांगायचं तर ती काच आमच्याच ऑफिसची, आणि पाटीवर आधी नाव माझं आहे… आणि ती मुलगी टाचणी दाबत होती, ते काय होतं, मी फोटो का नाही बघितले, चारच तर पावलं लांब होते. राग होता. सकाळपासून होता तेवढाच होता, पण सकाळी त्याला माणसं होती, एकेकाच्या तोंडासकट. आता तो प्रकाशकाकडे गेला आणि परत आला, समितीकडे गेला आणि परत आला, दिराकडे गेला, तिथे थोडा थांबला, आणि परत आला.

फोन थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"अहो, तिथे नका बसू," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

ती बसली होती. खिडकीशेजारच्याच खुर्चीत, तोंड खिडक्यांकडे करून. सबंध वाचनालयात त्या दिशेला तोंड असलेलं ती एकटीच. डोळे उघडे ठेवता येईनात. मिटले तर आत लाल झालं, गालांवर ऊब आली, कपाळावर आली, आणि ती ऊब कोवळी होती, तिरपी होती, टेबलाच्या कडेशी थबकून मग पुढे सरकणारी होती — तिशीत असताना तिनेच रात्रंदिवस पेन्सिल झिजवून मागितली होती, नेमकी तशी. डोळे मिटल्यावर ती सकाळच होती.

आणि या सगळ्यात तिला सर्वांत जास्त राग या गोष्टीचाच आला.