दोन्ही पक्षांत राजीनामा

निवेदिता दर पंधरवड्याला ‘कुणी विचारलं?’ नावाचं वार्तापत्र ईमेलने काढते. ज्याबद्दल कुणीही काही विचारलेलं नाही, तेवढेच विषय. सदर बाजारातला छत्र्या दुरुस्त करणारा, बसवरची रंगवलेली अक्षरं, असलं. वाचक दोनशे चौदा, त्यातले उघडून वाचणारे नव्वद. चुका काढणारी पत्रं वर्षात सहा आली. पाच एकट्या सुहासिनीमावशींची.

एकतिसावा अंक झाशीच्या एका मराठी मंडळाच्या जुन्या पेटीवर होता. ही हार्मोनियम कुणाच्या घरी ठेवायची, यावरून १९६४ साली मावशींचे वडील रामकृष्णराव आणि चिटणीस श्यामसुंदर भांडले होते. इतिवृत्ताच्या त्या पानाची शेवटची ओळ : ‘दोन्ही पक्षांत राजीनामा झाला.’

या पानाची नक्कल मावशींच्या घरी होती. वडील वर्षभरातच वारले. आई साताऱ्याची, तिने वाचून सांगितलं, बाबांनी राजीनामा तोंडावर फेकला. तेव्हापासून घरातलं कुणी मंडळाची पायरी चढलं नाही. मावशी आता बहात्तर वर्षांच्या. मंडळात न जाणं हे त्यांचं सर्वांत जुनं काम, एकही खाडा नाही.

छापण्याआधी विचारावं म्हणून निवेदिता त्यांच्याकडे गेली. शुद्धलेखन मी तपासतो, म्हणून मीही.

“मावशी, एक गडबड आहे. ‘राजीनामा दिला’ नाही लिहिलंय. ‘झाला’ लिहिलंय.”

“मग? दिल्याशिवाय होतो का?”

“इतिवृत्त लिहिणारे कचहरीत, म्हणजे कोर्टात, कारकून होते. कचहरीत राजीनामा म्हणजे समझोता. दोन पार्ट्या राजी झाल्या, बस.”

“माझे बाबा? आणि समझोता?”

निवेदिताने फोनवर पुढच्या सभेच्या हजेरीचा फोटो दाखवला. रामकृष्णरावांची सही होती. त्यानंतर नव्हती, पण तेव्हा त्यांची बदली मऊरानीपुरला झाली होती, हे चहा देताना मावशींनीच सांगितलं होतं.

“म्हणजे एकसष्ट गणपती मी घरी बसले, ते कशासाठी?”

मी बिस्किट घेतलं.

“नको छापू, बिटिया. लोक हसतील. बाबांना नाही, मला.”

“बरं, हा भाग काढते. मग नुसती पेटी उरेल.”

मावशींनी बशी पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली.

“पेटी कुणाकडे ठेवायची ठरली, ते तरी लिहिलंय का?”

“पुढच्या पानावर आहे. सहा महिने श्यामसुंदरांकडे, भाद्रपदापासून सहा महिने तुमच्याकडे.”

मावशींनी चष्मा चढवून ते स्वतः वाचलं. दोनदा.

“आमच्याकडे एकदाही आली नाही.”

“तुमच्यातलं कुणी मागायला गेलंच नाही ना.”

“छाप,” मावशी म्हणाल्या. “तारखेसकट छाप. आणि राजीनाम्याचा अर्थ ठळक अक्षरात दे. पुण्याकडच्या लोकांना नाही कळायचं.”

अंक शनिवारी गेला. रविवारी मंडळाची सभा होती. ईमेलवरच्या अंकाची प्रिंट पर्समध्ये घालून मावशी सिविल लाइन्सच्या कोपऱ्यावर ऑटोत बसल्या. एवढा जुना अबोला मोडायला निघालेल्या माणसाचा चेहरा जरा सैल असायला हवा. नव्हता.

“भैया,” त्या ऑटोवाल्याला म्हणाल्या, “लौटते में एक पेटी भी रहेगी. पीछे जगह रखना.”