करंगळी बाहेर

प्रत्येक रिव्हॉल्व्हरवाल्याच्या घरी हाताला न बसलेल्या, काढून ठेवलेल्या मुठींचा एक खण असतो. मोंटानातल्या ऑरिन त्वेतच्या खणात अकरा मुठी होत्या. सातवी तर इतकी सुंदर होती की हातात धरवत नसे.

फेब्रुवारीत मार्लिस, त्याची बायको, गेली. एप्रिलमध्ये त्याने आठ गोळ्यांचं नवं रिव्हॉल्व्हर घेतलं. कारण विचाराल तर दुकान उघडं होतं. कंपनीची रबरी मूठ त्याला आवडेना, म्हणून त्याने बकनर नावाच्या म्हाताऱ्या कारागिराला पत्र टाकलं. रीत अशी, की कागदावर पंजा ठेवायचा, पेन्सिल फिरवायची आणि कागद पाठवून द्यायचा. त्याच खणात एक कागद सापडला. ऑरिनने पंजा काढला आणि पाठवला.

सहा आठवड्यांनी अक्रोडाची मूठ आली. लाकूड मधासारखं, घडण बिनचूक. ऑरिनने ती बसवून धरली, तर करंगळी हवेत.

त्याने फोन लावला. "बकनरसाहेब, मूठ लहान झालीय."

"शक्य नाही. मी रेघेला रेघ लावून केलीय. बारीक बोटं, अंगठ्याला बाक."

"माझा अंगठा सरळ आहे."

"मग कागदावर कोणाचा होता?"

ऑरिनला आठवलं. चार वर्षांपूर्वी मार्लिसलाही मूठ करून घ्यायची होती. पंजा काढून झाला आणि दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या, कागद खणातच राहिला. ऑरिनने मागची बाजू पाहिलीच नव्हती.

"कागद आहे का अजून?" त्याने विचारलं.

"शेगडी पेटवायला घेतला. अहो, कागदाला दोन बाजू असतात, मी वरची घेतली. पाठवा परत. घासून दुसऱ्या कोणाला तरी बसवतो, तुम्हाला नवी करून देतो."

"घासून?"

"कानस मारायची, दुसरं काय? शुक्रवारपर्यंत टाका पोस्टात."

शुक्रवारी ऑरिनने खोकं बांधलं, पत्ता लिहिला आणि तो पोस्टात गेला. रांगेत त्याच्यापुढे एकच बाई होती. तिचं आटोपलं. खिडकीतल्या माणसाने हात पुढे केला. ऑरिनने एक तिकीट घेतलं, त्यावर बदक होतं, आणि खोकं घेऊन तो घरी आला.

शनिवारी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर डेल भेटला. डेल आणि तो शाळेपासूनचे दोस्त.

"काय रे, करंगळी बाहेर काढून? इंग्लंडच्या राणीकडे चहाला निघालायस का?"

"नवी मूठ आहे."

"लेका, ही तुझ्या हाताची नाही. आण इकडे, बारावी म्हणून टाकू खणात."

"राहू दे."

ऑरिनने आठही गोळ्या झाडल्या. डेलने दुर्बीण लावली, पुसली, परत लावली.

"निशाण्याला एकही नाही. सगळ्या उजवीकडे, वर, टेकडीत."

"हो," ऑरिन म्हणाला. "मार्लिस पण तिकडेच मारायची." आणि त्याने पुन्हा आठ गोळ्या भरल्या.