मोजणीताईचा आकडा

आमच्या घरात दोन माणसं कधी चुकत नाहीत. एक माझे वडील आणि दुसरी मी. आई म्हणते, म्हणूनच या घरात तिला बोलायला जागा मिळत नाही.

यात आमचा काही दोष नाही, कामच तसं आहे. शहराच्या मधोमध सहाशे वर्षांचा दगडी मनोरा आहे. एकशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढून चौथ्या मजल्यावर गेलं की कोपऱ्यात एक तडा दिसतो. माझ्या जन्माच्याही आधी कधीतरी भूकंप झाला, तेव्हाचा. हा तडा वाढतोय की आहे तसाच आहे, हे रोज बघायचं. तड्यावर काचेसारख्या दोन पारदर्शक पट्ट्या बसवल्या आहेत, एकीच्या पुढे एक. मागच्या पट्टीवर बारीक चौकटी आहेत, एकेक मिलिमीटरची घरं. ती कोपऱ्याच्या भिंतीला पक्की केलेली. पुढच्या पट्टीवर लाल फुली आहे. ती मधल्या भिंतीला. फुली कितव्या घरात दिसते ते बघायचं, वहीत लिहायचं, सही करायची. फुली वर गेलेली दिसली तर समजायचं, कोपरा खाली बसला.

बाबांनी हे काम एकतीस वर्षं केलं. त्यांच्यानंतर मी करते आहे, त्याला नऊ वर्षं झाली. एक खाडा नाही. अंगात ताप घेऊन चढले आहे, पण खाडा नाही. मी लग्न केलं नाही. आई सगळ्यांना सांगते की केलंय, जावई दगडाचा आहे.

बाबांचे नियम होते आणि ते मी डोळे मिटून पाळले. सकाळी आठ वाजता, भिंतीवर ऊन यायच्या आत मोजायचं. फरशीवर त्यांनी मारलेल्या पांढऱ्या पट्ट्याला पाय जुळवून उभं राहायचं. वहीतल्या कालच्या ओळींवर पुठ्ठा ठेवायचा, कारण कालचा आकडा दिसला की डोळा आजही तोच बघतो. आणि वहीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर चुकीवर एक लाल रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. बाबांच्या एकतीस वर्षांच्या वह्यांत लाल रेघा सहा आहेत. माझ्या वह्यांत एकही नाही, आणि हे मी येईल त्या पाहुण्याला सांगत असे.

एकच गोष्ट मी त्यांची ऐकली नाही. बाबा सहा फूट उंच, मी आईवर गेलेली, त्यांच्या छातीपर्यंत येते. पट्ट्या त्यांच्या डोळ्यांसमोर येतील अशा बसवलेल्या, त्यामुळे मला मान वर करून बघावं लागायचं. माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी खोक्याच्या फळ्या ठोकून एक स्टूल करून आणलं. "मान दुखेल तुझी," म्हणाले. खालचे पहारेकरी हसले. "मोजणीताईंना पाळणासुद्धा आणा!" असं एकजण म्हणाला. माझा राग नाकावरच असतो. "मूर्ती लहान पण कीर्ती महान, लक्षात ठेवा," असं त्याला सुनावलं आणि स्टूल उचलून घरी आणलं. आईला तेच हवं होतं. तिचा हात वरच्या फळीवरच्या डब्यांना पुरत नसे.

मागच्या महिन्यात इंजिनिअर बाई आल्या. पांढरे केस, खांद्याला पिशवी, पायात जाड तळाचे बूट. जगात कुठेही जुनी वास्तू पडायला आली की यांना बोलावतात. वाळवंटातले किल्ले, समुद्रात अर्धी बुडालेली बंदरं, बॉम्बनं खिळखिळी झालेली ग्रंथालयं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आधी कागद, मग दगड, अशी त्यांची पद्धत. वर न चढता दोन दिवस त्या आमच्या चाळीस वर्षांच्या वह्या घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुखांनी, मला खोलीत बोलावलं. मला वाटलं कौतुक करायला बोलावलंय. मी नवी साडी नेसून गेले.

बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. एक रेघ होती. एकतीस वर्षं जवळजवळ सपाट चाललेली, अकराच्या आसपास. मग एके ठिकाणी पायरी चढावी तशी एकदम वर, तेरावर. आणि पुढे पुन्हा सपाट.

"एका रात्रीत कोपरा दोन मिलिमीटर खाली बसला," बाई म्हणाल्या. "हळूहळू बसला असता तर चाललं असतं. असा एकदम बसलेला कोपरा पुन्हा एकदम बसू शकतो. खाली रस्ता आहे, शाळा आहे. वरचे दोन मजले उतरवावे लागतील."

"उतरवायचे म्हणजे?"

"दगडांवर नंबर घालून खाली ठेवायचे," साहेब म्हणाले. "पुढे निधी मिळाला की परत चढवू."

असे नंबर घातलेले दगड मी पाहिलेत. त्यांच्यावर गवत उगवतं.

"ती तारीख कुठली?" मी विचारलं. बाईंनी सांगितली. अकराचा आकडा बाबांचा शेवटचा दिवस. तेराचा आकडा माझा पहिला दिवस.

साहेब लगेच सरसावले. "म्हणजे माणूस बदलला! मग तुमच्या दोघांपैकी कोणीतरी चुकलंय."

"आमच्या घरात कोणी चुकत नाही," मी म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंनी माझी पहिली वही उघडली. माझ्या पहिल्या ओळीशेजारी बाबांची सही होती, आणि वर 'तपासले'. "तुमच्या वडिलांनी आदल्या दिवशी अकरा लिहिले. दुसऱ्या दिवशी तुमचे तेरा स्वतः तपासून सही केली. दोन माणसांनी तेरा पाहिले, म्हणजे कोपरा बसलाच. समिती येत्या शुक्रवारी निर्णय घेईल."

मला तो दिवस आठवत होता. मी आकडा लिहून खाली आले, तर बाबा मनोऱ्याच्या दारात उभे होते. "वही दे, मी वर जाऊन तपासतो आणि सही करतो," म्हणाले. संध्याकाळी वही सहीसकट परत मिळाली.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, गुडघे कामातून गेलेले, पण आवाज शाबूत. मला वाटलं घर डोक्यावर घेतील. पण 'तपासले'चा विषय निघाला आणि त्यांनी चष्मा काढला. तो पुसत बसले.

"उद्या मला वर ने," म्हणाले.

"तुम्हाला घराची पायरी चढवत नाही."

"तुला विचारलं नाही. ने म्हणालो."

एकशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्यांना आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली. दर दहा पायऱ्यांना ते थांबायचे आणि दगडावर हात फिरवायचे. मी काठी सांभाळू की त्यांना, मला कळेना. वर पोचल्यावर मात्र पांढऱ्या पट्ट्याला पाय जुळवून असे ताठ उभे राहिले की मला त्यांचा अभिमान वाटला आणि रडूही आलं.

"अकरा," ते म्हणाले.

मी त्यांना बाजूला केलं, पाय जुळवले, मान वर केली. "तेरा."

"अकरा!"

"बाबा, तेरा! चष्मा बदला!"

"चष्मा गेल्या वर्षी बदललाय! तू बदल!"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सहाशे वर्षांत त्या मजल्यावर इतकी आरडाओरड झाली नसेल. शेवटी त्यांचे गुडघेच थकले. पट्ट्यांसमोरच्या दगडी कट्ट्यावर ते धपकन बसले, आणि खालून वर पट्टीकडे बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले. "आता मलाही तेरा दिसतंय."

ते काठीच्या आधारानं उठले. अकरा. पुन्हा बसले. तेरा. दोन पट्ट्यांच्या मधे एक नाणं सरकेल एवढी फट आहे, ती आम्ही दोघांनी चाळीस वर्षं पाहिली होती. समोरून बघितलं तर ती फट काही बिघडवत नाही. खालून बघितलं की पुढची फुली मागच्या घरांवर वर सरकलेली दिसते. कोपरा कुठेही बसला नव्हता. बुटकी होते ती मी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते स्टूल नऊ वर्षं आमच्या स्वयंपाकघरात होतं.

आधी मला हसू आलं, की मनोरा वाचला. मग हिशेब केला. नऊ वर्षं, तीन हजारांहून जास्त आकडे, आणि एकही बरोबर नाही. साहेबांना असं काहीतरी हवंच होतं. माणसाच्या जागी यंत्र बसवायची फाइल त्यांच्या टेबलावर वर्षभर पडून होती.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "समितीला सांग, म्हाताऱ्याला दिसत नव्हतं," ते म्हणाले. "माझेच आकडे चूक होते म्हणून सांग. तरीही रेघ सपाटच होते. मनोरा राहतो आणि तुझी नोकरीही राहते. मला पेन्शन चालू आहे, आता माझं कोण काय वाकडं करणार?"

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. पायऱ्या उतरताना अर्ध्या वाटेपर्यंत मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघत होते. मग त्यांनी पुन्हा दगडावर हात फिरवला, आणि त्या माणसाची एकतीस वर्षं खोटी ठरवायची कल्पना मला सहन होईना.

शुक्रवारी मी स्टूल काखेत मारून निघाले. आई दारात उभी. "आणि माझे डबे?"

"खालच्या फळीवर ठेव!"

समितीचे पाच जण, साहेब आणि इंजिनिअर बाई, सगळ्यांना मी चौथ्या मजल्यावर नेलं. धापा टाकून ते थांबल्यावर म्हटलं, "कोपरा बसलेला नाही. माझं चुकलं. नऊ वर्षं चुकलं." आणि स्टूल ठेवून दाखवलं. स्टुलावर अकरा, खाली तेरा. बाईंनी स्वतः गुडघे वाकवून पाहिलं, उभं राहून पाहिलं, पुन्हा वाकवून पाहिलं.

"म्हणजे नऊ वर्षांचे आकडे कचऱ्यात," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख कमीच होतं.

बाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. "तुम्ही रोज कुठं उभ्या राहता?" त्यांनी मला विचारलं.

मी पाय जुळवून दाखवलं. पांढऱ्या पट्ट्यामागे फरशीवर माझ्या चपलांनी दोन गुळगुळीत जागा झाल्या होत्या. त्या मीसुद्धा पहिल्यांदाच नीट पाहिल्या. बाईंनी तिथेच खाली बसून लॅपटॉप उघडला आणि माझ्या प्रत्येक आकड्यातून दोन वजा केले. पायरी नाहीशी झाली. बाबांची रेघ आणि माझी रेघ एकमेकींना येऊन मिळाल्या, आणि चाळीस वर्षं सपाट झाली. बारीकशी लाट तेवढी राहिली, थंडीत जरा खाली, उन्हाळ्यात जरा वर, बाबांच्या वेळची आणि माझ्या वेळची एकसारखी.

"साहेब, नीट बघा," बाई म्हणाल्या. "या रोज वेगवेगळ्या चुकल्या असत्या, तर मला हा मनोरा उतरवावा लागला असता. या नऊ वर्षं एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, एकाच मापानं चुकल्या आहेत. म्हणून एक वजाबाकी करून सगळं परत मिळालं. मी खूप देश फिरले. वास्तू आमच्यासारख्या पाहुण्यांमुळे टिकत नाहीत. रोज वर चढणारं कोणीतरी असतं, म्हणून टिकतात. यंत्र बसवा, पण यांच्या शेजारी बसवा."

वरचे दोन मजले जागेवर राहतील, असं समितीनं त्याच ठिकाणी लिहून दिलं. मी स्टुलावर चढून त्या दिवसाचा आकडा लिहिला. अकरा. माझ्या हातून लिहिलेला पहिला अकरा.

आता नियमाप्रमाणे लाल रेघा मारायच्या होत्या. बाई म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये दुरुस्ती झाली, पुरे. पण वही ती वही. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसणार, बाबा जुना आकडा वाचणार, मी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख घालणार, असं ठरलं. "दोघांनी मिळून किती वर्षं चुका केल्या त्या आता मला रोज ऐकायच्या," असं म्हणत आईनं दिवा जवळ सरकवला.

पहिल्या वहीचं पहिलं पान उघडलं. बाबांचं बोट 'तपासले' या शब्दावर थांबलं होतं.

"बाईंनी मला विचारलं होतं," मी म्हटलं, "की तुम्ही वर जाऊन तपासलंत, तर तुम्हाला तेरा कसं दिसलं?"

"मी वर गेलोच नव्हतो," बाबा म्हणाले. "गुडघ्यांचं नाव सांगू शकतो, पण गुडघे तेव्हा बरे होते. वही घेऊन आत शिरलो आणि पहिल्याच पायरीवर बसलो. वहीत माझ्या जागी तुझं अक्षर होतं. तेच बघत बसलो संध्याकाळपर्यंत. आकडा बघितलाच नाही गं. माझी मुलगी वर जाऊन आली होती, आणखी काय तपासायचं होतं?"

आईच्या हातातली पळी थांबली. एकतीस वर्षांत न पाहता केलेली त्यांची ती एकच सही, आणि ती माझ्यासाठी होती.

त्यांनी माझ्या हातातलं लाल पेन घेतलं. 'तपासले'वर एक रेघ मारली. रेघ सरळ आली. शेजारी सही केली, तारीख घातली. ती त्यांची सातवी. मग पेन माझ्याकडे दिलं, चष्मा सारखा केला आणि माझ्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मार रेघ," ते म्हणाले. "तेरा."